निळं ग्रीस आणि पांढरा रविवार

पेनिआमिनाला प्रवचनात झोप लागायची, यात विशेष काही नव्हतं. वाइमोली गावात निम्म्या लोकांना लागायची. फरक एवढाच की बाकीचे जागे झाले की पश्चात्ताप झाल्यासारखा चेहरा करत, आणि पेनिआमिना शेजाऱ्याला विचारी, "कुठवर आलं? अजून इजिप्तमध्येच आहेत का?" पाद्रीबाबा इओसुआ हे व्यासपीठावरून ऐकत आणि न ऐकल्यासारखं करत. कारण चर्चच्या एसीच्या शेडची किल्ली पेनिआमिनाकडे होती.

तरुणपणी तो न्यूझीलंडला गेला होता, ऑकलंडजवळच्या एका कत्तलखान्यात. गेला मेंढ्या सोलायला आणि चिकटला शीतगृहाच्या मोटरांना. "मेंढी मेली की मेली," तो सांगे, "मोटर नुसतं मेल्याचं सोंग करते. तिच्याशी बोलता येतं." तिथंच मांस बांधायच्या खात्यात त्याला लोसा भेटली. निघाली वाइमोलीचीच, त्याच्या घरापासून चार घरं पलीकडची. गावात असताना दोघं एकमेकांकडे बघतही नसत. परदेशात थंडी वाजली तेव्हा ओळख पटली. पुढं लोसाची आई थकली तशी दोघं सामोआला परत आली, आणि पेनिआमिनानं आपल्या पिकअपमध्ये हत्यारं टाकून अपिया शहरातली हॉटेलं, दवाखाना आणि मासळीचं शीतगृह सांभाळायला घेतलं.

समुद्राची खारी हवा लोखंड खाते तशी माणसंही खात असेल, असं त्याला वाटे, पण माणसांना ग्रीस भरायचं निपल नसतं म्हणून इलाज नाही. कामाची त्याची रीत ठरलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. एका हॉटेलची नवी मॅनेजरीणबाई त्याला असा गुडघ्यावर बसलेला पाहून हळूच मागं सरकली. तिला वाटलं प्रार्थना चाललीय. चांगलं बेअरिंग ओसरत्या लाटेसारखं सळसळतं, बिघडत चाललेलं दाताखाली खडा आल्यासारखं करकरतं आणि पार गेलेलं सासुरवाशिणीसारखं आधी गप्प बसतं आणि मग एके दिवशी सगळ्या गावाला ऐकवतं, असं त्याचं मत. ग्रीसगनचं तोंड लावण्याआधी तो निपल फडक्यानं पुसून घेई, कारण वरची वाळू आत ढकलली तर ग्रीस देण्यापेक्षा न दिलेलं बरं. मग थोडं थोडं, हातानं अंदाज घेत. "ग्रीस म्हणजे मीठ," तो म्हणे. "कमी पडलं तर वरून घालता येतं. जास्त झालं तर सगळं जेवण कुत्र्याला."

वाइमोलीच्या चर्चला एसी हवा असं देवानं कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या गावानं बसवला म्हणून हवा होता. परदेशातल्या लेकरांनी मदत पाठवली, आणि अपियातलं एक बंद पडलेलं थिएटर मोडीत निघालं होतं, तिथला हवा फेकणारा भलामोठा ब्लोअर गावानं ट्रकवर घालून आणला. चर्चच्या मागं पत्र्याची शेड उभी राहिली. शेडमधून निघालेला चौकोनी पत्र्याचा डक्ट भिंतीतून आत शिरे आणि त्याची तोंडं बरोबर व्यासपीठाच्या आणि पहिल्या रांगांच्या डोक्यावर उघडत. वडीलधाऱ्यांनी ठरवलं की गावची सेवा म्हणून हे यंत्र पेनिआमिनानं बघावं. तो हो म्हणाला. त्या काळात तो गायनमंडळीतही होता. त्याचा खर्जातला आवाज असा होता की तो लागला की बाकांच्या फळ्या थरथरत. लोसा त्याच्या उजव्या हाताला उभी राही.

मग लोसा आजारी पडली आणि फार दिवस न लावता गेली.

दफनाच्या दिवशी सगळं गाव गायलं, पेनिआमिना गायला नाही. तोंड मिटून, समोर बघत, खांबासारखा उभा राहिला. गायनमंडळीची प्रमुख होती फुआतिनो, लोसाची थोरली बहीण. ती गाताना जशी मोकळ्या गळ्याची, तशीच बोलतानाही. सगळं आटोपून लोक जेवायला बसले तेव्हा ती साऱ्यांच्या देखत म्हणाली, "परक्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याच्या तोंडून एक ओळ निघाली नाही." पेनिआमिना पानावरून उठला. त्यानंतर गायनमंडळीत त्यानं पाऊल टाकलं नाही. शेडची किल्ली आपल्या घराच्या दाराच्या खिळ्याला टांगली ती तिथंच राहिली. रविवारी चर्चला तो येई, मागच्या बाकावर बसे, झोपे. हॉटेलच्या पंख्यांना तो पोटच्या पोरासारखा जपत होता, पण चर्चचा ब्लोअर आपल्या नशिबानं फिरत होता.

वर्ष उलटलं आणि ब्लोअर गाऊ लागला. आधी बारीक, डासासारखा. मग प्रार्थनेच्या शांततेत स्पष्ट ऐकू येईल असा, एका सुरात, न थांबता. आता सूर सतत कानावर पडला की माणूस नकळत त्याच्याकडे ओढला जातो. वाइमोलीची गायनमंडळी सुरुवात करी आपल्या पट्टीत आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळी ब्लोअरच्या पट्टीत जाऊन बसे. फुआतिनोचे हात हवेत राहत आणि गाणं तिच्या हाताखालून निसटे. पांढरा रविवार तोंडावर आला होता. त्या दिवशी पोरं चर्चमध्ये पाठांतरं म्हणतात, मोठ्यांच्या आधी जेवतात आणि झाडून सगळं गाव डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालतं. शिवाय या वर्षी शेजारचं गाव पाहुणं यायचं होतं.

फुआतिनोची स्वतःची बस होती. लाकडी अंगाची, पिवळी-जांभळी, कपाळावर 'सियोनची वाट' असं रंगवलेली. ती स्वतः चालवायची आणि चाकांचं ग्रीसही स्वतःच भरायची. ती बस तिनं पेनिआमिनाच्या दारात थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरली. आतले उतारू खिडकीतून ऐकायला लागले.

"तुझा पंखा बेसूर झालाय," ती म्हणाली.

पेनिआमिना ओट्यावर अळकुडीसारखा तारोचा भाजलेला कंद खात बसला होता. "पंखा बेसूर नाही, ताई. तो एकच सूर धरून बसलाय. सरकतात ते तुमचे लोक."

"एवढी माणसं चुकली आणि एक लोखंड बरोबर?"

"लोखंडाला माईक लागत नाही आणि मानही लागत नाही. त्यामुळं ते चुकत नाही."

"हे बघ, मी भांडायला आले नाही."

"मग बस बंद करा की. डिझेल जळतंय."

खिडकीतून कुणीतरी खुदकन हसलं. फुआतिनोनं मान वळवली तशी खिडकी रिकामी झाली. "तू येतोस की नाही शेडमध्ये?"

"नाही."

"मग किल्ली दे. मी बघते."

"ती काय खिळ्याला आहे. घ्या." त्यानं कंदाचा आणखी एक घास घेतला. "ग्रीसगन आहेच तुमच्याकडे. बसला पाजता तेच पाजा. पोट भरून."

हे तो कुजकटपणे बोलला होता. पण फुआतिनोला कुजकटपणा फक्त स्वतःचा कळे. तिनं किल्ली घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये शिरून निपल सापडेल तिथं गनचं तोंड लावलं आणि गन रिकामी होईपर्यंत दाबत राहिली. ब्लोअर गप्प झाला. एकदम गप्प. तो आठवडाभर फुआतिनो गावातून अशी चालली जणू बायबलातल्या यरीहोच्या भिंती तिनंच पाडल्या होत्या. पेनिआमिनाच्या दारावरून जाताना तिनं हॉर्नही वाजवला. तो मनात म्हणाला, वाजवा. आणि मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात म्हणाला, जाऊन बघायला हवं. पण गेला नाही.

पांढरा रविवार उजाडला तो कडक उन्हाचा. चर्च गच्च भरलं. पहिल्या रांगांत पाहुण्या गावचे मानकरी, त्यांच्या बायकांच्या पांढऱ्या टोप्या ताटाएवढ्या. वडीलधाऱ्यांतले थोरले मालाकी मुलीनं ब्रिस्बेनहून पाठवलेल्या नव्या पांढऱ्या सुटात, वाकलं तर सुरकुती पडेल म्हणून ताठ बसलेले. पोरांची पाठांतरं झाली, एक देवदूत मध्येच सू लागली म्हणून बाहेर गेला, आणि पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहिले. विषय होता मनाची शुभ्रता. आपले आत्मे या कपड्यांसारखे व्हावेत, असं ते म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांच्या टकलावर काहीतरी टपकलं.

त्यांनी बोटानं पुसलं, बोट पाहिलं आणि प्रवचन पुढं चालू ठेवलं. बोट काळंनिळं होतं. दुसरा थेंब खुल्या बायबलवर पडला. मग हवेतून तळणीसारखा वास आला आणि डक्टच्या तोंडातून बारीक तुषार सुटले. काही भाविकांना वाटलं की पवित्र आत्मा उतरतोय. पण तो मागं कबुतराच्या रूपात आला होता, ग्रीसच्या रूपात येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांच्या टोप्यांवर ठिपके उमटले. मालाकींनी सुटावरचा डाग रुमालानं पुसला, तसा तो तळहाताएवढा झाला. पोरांना तर एवढा चांगला पांढरा रविवार कधी मिळाला नव्हता. ती तोंडं वर करून थेंब झेलायला धावली आणि त्यांच्या आया त्यांच्यामागं.

पेनिआमिना मागच्या बाकावर झोपला होता. त्याला हाकांनी जाग आली नाही, वासानं आली. तापलेलं ग्रीस त्याला झोपेतही ओळखू येई. तो शेडकडे पळाला, खटका पाडला आणि ब्लोअर घरघरत थांबला. व्यासपीठाच्या बाजूचं बेअरिंग एवढं तापलं होतं की हात धरवेना. ग्रीस अडवणारं सील बाहेर फेकलं गेलं होतं आणि त्यातून पातळ, निळसर कालवण गळत होतं. निळं. बसच्या चाकाचं ग्रीस. ते पाहून त्याला हसू फुटलं. शेडमध्ये एकटाच, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईतो तो हसला. मग त्याची नजर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथलं निपल गंजानं झाकलं गेलं होतं, म्हणून फुआतिनोच्या हाती लागलं नव्हतं. तिथं त्याचं स्वतःचं तपकिरी ग्रीस होतं, वाळून खापरीसारखं झालेलं. नखानं खरवडलं तर भुगा पडला. त्याचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाद्रीबाबांच्या घरी बैठक बसली. पाद्रीबाबांच्या टाळूवर निळा डाग अजून होता. काही केल्या निघत नव्हता. मालाकी बोलायला उभे राहिले ते बराच वेळ बसलेच नाहीत. पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं, सूट गेला, असल्या माणसाला चर्चच्या आवारात पाय ठेवू देऊ नये, वगैरे. फुआतिनो दाराशी बसून पंख्यानं वारा घेत होती. तिचा हात नेहमीपेक्षा जोरात चालला होता.

"तुला काही म्हणायचंय?" पाद्रीबाबांनी पेनिआमिनाला विचारलं.

"म्हणायचं काय. चूक माझी. लोसा गेल्यापासून मी त्या शेडमध्ये पाय टाकला नाही. बेअरिंग कोरडं पडलं, गेलं. संपलं."

तो खाली बसला. बैठक मिटल्यासारखीच होती. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आणि निळं ग्रीस काय आभाळातून पडलं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पेनिआमिना दातांखाली पुटपुटला, "ताई, गप्प बसा."

"का गप्प बसू? ग्रीस माझं, गन माझी, दाबलं मी. तू माझ्या चुकीवर आपलं नाव लिहू नकोस."

"मी पांघरूण घालत होतो तुमच्यावर."

"मला उकडतं पांघरुणात. आणि पाद्रीबाबा, हा म्हणाला होता, पोट भरून पाज."

"ते मी टोमणा म्हणून म्हणालो होतो."

"टोमणा मारायचा तर बोलायच्या आधी सांगायचं असतं."

पाद्रीबाबा इओसुआ गंभीर माणूस. पण त्या दिवशी त्यांना काय झालं कोण जाणे. त्यांनी टाळूवर हात फिरवला, हाताकडे पाहिलं आणि त्यांच्या पोटातून असं हसू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. मालाकी सोडून सगळे हसले. निकाल असा लागला की ब्लोअर दोघांनी मिळून दुरुस्त करायचा आणि सगळ्या गावाची माफी मागायची. दुरुस्ती होईतो उकाड्यामुळं प्रवचन आखूड ठेवलं जाईल, असंही पाद्रीबाबा म्हणाले. त्या संध्याकाळी वाइमोलीत बऱ्याच घरांतून प्रार्थना झाली की दुरुस्ती सावकाश होवो.

एका सकाळी फुआतिनो बस लावून शेडमध्ये आली. पेनिआमिनानं आधी फ्यूज काढून खिशात घातला. शेडबाहेर सल्ले द्यायला जमलेल्या माणसांवर त्याचा भरवसा नव्हता. मग मोटर सरकवून पट्टा सैल केला, पुली उतरवली आणि गंजलेल्या शाफ्टवर बेअरिंग ओढून काढायचा पुलर चढवला. फुआतिनोनं शाफ्ट धरला. तिचे हात स्टिअरिंगनं घडलेले होते. धरला म्हणजे धरला. बेअरिंग किंचाळत, तसू तसू करत बाहेर आलं. त्यानं ते रॉकेलमध्ये धुऊन तिच्या तळहातावर ठेवलं. गोळ्या जळून तपकिरी पडल्या होत्या आणि त्यांच्या वाटेवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते.

"बसच्या चाकात हेच भरते मी," ती म्हणाली. "कधी काही झालं नाही."

"चाक चिखलापाण्यातून जातं. पाणी आत शिरू नये म्हणून तिथं भरून घालावं लागतं. हे नुसतं वाऱ्यात गरगर फिरतं, दिवसभर. यात ठासून भरलं की गोळ्या ग्रीसच घुसळत बसतात आणि तापतात. आणि वर तुमचं निळं, माझं तपकिरी. दोन्ही आपापल्या जागी चांगली. एकत्र आली की दोन्हींचं पाणी होतं."

"तुझं कुठं होतं तिथं? कोरडं पडलं होतं म्हणालास."

"होतं थोडं. तळाशी."

त्यानं पिशवीतून तेलकट कागदाची दोन पुडकी काढली. आत नवी कोरी बेअरिंगं. फुआतिनोनं पुडक्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ही कधी आणलीस?"

"होती घरात."

"कधीपासून?"

"लोसा होती तेव्हापासून. बसवायची राहिली."

"म्हणजे सगळं गाव बेसूर गात होतं आणि ही तुझ्या फळीवर होती."

"मिठाच्या डब्यामागं."

तिला चिडायचं होतं, पण जमलं नाही. तो पॉलिश पेपरनं शाफ्टवरचा गंज घासत होता, पाठ तिच्याकडे करून. बाहेरची माणसं जेवायच्या वेळेला पांगली होती. ती म्हणाली, "त्या दिवशी तू गायला का नाहीस?"

तो घासत राहिला. पाठमोराच म्हणाला, "सूर ती उचलायची. आधी ती, मग मी. सुरुवातीपासून तसंच होतं. त्या दिवशी मी थांबलो होतो, ती कधी उचलते म्हणून."

फुआतिनोनं शाफ्ट धरून ठेवला होता; आता धरायची गरज नव्हती तरी. मग ती म्हणाली, "मला सांगायचंस."

"तुम्ही बोलत होतात."

"मी सगळ्यांसमोर बोलले."

"फार मोठ्यानं. आणि वरच्या पट्टीत."

तिनं ग्रीसनं माखलेलं फडकं त्याच्या डोक्यात मारलं. पण मारताना तिचा चेहरा वाकडा झाला होता, आणि नंतर ती डोळे पुसायला बाहेर गेली ती त्याच फडक्यानं पुसून आली. तिच्या गालावर काळे पट्टे पाहून तो काही बोलला नाही. एवढी अक्कल त्याला त्या दिवशी होती.

नवी बेअरिंगं बसली. दोन्ही टोकं एका रेषेत येईपर्यंत त्यानं खालचे बोल्ट सोडले, आवळले, पुन्हा सोडले. शाफ्ट बोटानं फिरवून पाहिला. तो लोण्यासारखा फिरला. गन त्यानं तिच्या हातात दिली. तिनं निपल पुसलं, हळूच दाब दिला, थांबली आणि विचारलं, "आणखी?"

"नको."

"एवढंसं?"

"एवढंसंच."

पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, फ्यूज लावला, खटका वर केला. ब्लोअर फिरू लागला. फुआतिनोनं त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक टेकवलं, मूठ कानामागं लावली आणि डोळे मिटले. "एकीकडे खसखसतंय," ती म्हणाली. त्याला ते खरं वाटेना. त्यानं स्वतः ऐकलं. खसखसत होतं, पट्ट्याची कड झाकणाच्या गार्डला घासत होती. त्यानं निमूटपणे गार्ड सरकवला. ती पुढं बरेच दिवस हे बसमधल्या उतारूंना सांगत होती.

पांढऱ्या कपड्यांवरचे डाग काही निघाले नाहीत. काहींनी ते कपडेच रंगवले, काहींनी पुढच्या वर्षी तसेच घातले. मालाकींनी सूट कापून फडकी करायला दिला आणि ती फडकी पेनिआमिनाच्या हाती पडू नयेत अशी अट घातली.

दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात तालमीच्या दिवशी पेनिआमिना गायनमंडळीच्या मागच्या रांगेत येऊन उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताला लोकांनी जागा सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सोडली होती. फुआतिनोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "चपला बाहेर काढून यायचं असतं," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. तो चपला काढून परत आला. तिनं हात उचलले. पहिल्या खेपेला त्याची जागा आली आणि गेली, तो तोंड उघडून तसाच राहिला. तिनं गाणं थांबवलं आणि बायकांच्या रांगेला झापलं, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला आवाज आला, पण तुटका. तिनं पुन्हा बायकांनाच झापलं. त्याही आता गालात हसू दाबून ऐकून घेऊ लागल्या.

पुढच्या खेपेला त्याची जागा येण्याच्या जरा आधी फुआतिनोनं हात खाली न करता स्वतःच सूर उचलला, आपल्या जाड, बसचालकी आवाजात. लोसाचा आवाज कुठं आणि हा कुठं. पेनिआमिनानं डोळे मिटले आणि त्यात आपला खर्ज मिसळला. बाकांच्या फळ्या थरथरल्या, आणि खिडकीत बसलेलं मांजर उडी मारून बाहेर गेलं.